गदा, ऊस आणि लेटरहेड

महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती निकाली निघाली की जिंकलेल्या पैलवानाला लोक खांद्यावर घेतात आणि त्याच्या हाती चांदीची गदा येते. ती मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून दिली जाते, हे कुस्तीशौकिनाला विचारावं लागत नाही. मामासाहेब आमदारही होते, हे मात्र आता मुळशीबाहेर फारसं कुणी सांगत नाही. मुळशी तालुक्यातल्या मुठा गावचे नामदेवराव मोहोळ, म्हणजेच मामासाहेब, १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी करणाऱ्यांमध्ये सगळ्यात पुढे होते. १९६१ पासून या परिषदेच्या अधिवेशनात महाराष्ट्र केसरीचा किताब लढवला जाऊ लागला. आमदारानं सभागृहात काय विचारलं ते कार्यवृत्तात छापलं जातं आणि कार्यवृत्ताचे खंड ग्रंथालयात धूळ खातात. गदा मात्र दर हंगामात नव्या खांद्यावर चढते.

मामासाहेबांची आमदारकी समजून घ्यायची तर तालमीकडे पाहावं लागतं. डोंगराच्या कुशीत विखुरलेली वाड्या-वस्त्यांची गावं, भातशेती, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. अशा मुलखात माणसं एकत्र येतात ती ग्रामदैवताच्या जत्रेला. जत्रा म्हटली की दुपारी कुस्त्यांचा आखाडा आलाच. पाच गावचे पैलवान, दहा गावचे प्रेक्षक, मानाचे फेटे, पंचांच्या खुर्च्या. तिथं वस्ताद म्हणून ज्याचा शब्द चालतो, त्याला मतं मागायला वेगळी ओळख सांगावी लागत नाही. हे मुळशीपुरतंच खरं नाही. पश्चिम महाराष्ट्रात तालीम आणि राजकारण यांचं नातं जुनं आहे. पण मुळशीत ते नातं विशेष घट्ट राहिलं. त्याच मुठा गावचे मुरलीधर मोहोळ कोल्हापूरच्या तालमीत घाम गाळून पुण्यात आले, २०१९ साली पुण्याचे महापौर झाले आणि २०२४ मध्ये सुमारे १ लाख २३ हजारांच्या फरकानं लोकसभेवर जाऊन केंद्रात राज्यमंत्री झाले. मात्र त्यांनी राजकारण केलं ते शहरात. तालुक्यातल्या होतकरू माणसानं पुणे का गाठलं, या प्रश्नाचं उत्तर मुळशीच्या आमदारकीच्या इतिहासात सापडतं.

आमदार होण्यासाठी कायद्याला लागतं फार थोडं. वय २५ पूर्ण, राज्यात कुठेतरी मतदारयादीत नाव, १० हजार रुपये अनामत. खर्चाची कायदेशीर मर्यादा ४० लाख. निवडून आलात की २८८ जणांच्या सभागृहात एक बाक, पाच वर्षांची मुदत, मुंबईत अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन, नागपुरात हिवाळी. प्रश्नोत्तराच्या तासाला तारांकित प्रश्न विचारता येतो, मंत्र्याच्या उत्तरावर उपप्रश्न करता येतो. तातडीचं असेल तर लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावर बोलायचं असेल तर कपात सूचना. शाळेच्या नागरिकशास्त्रात एवढंच असतं आणि ते चुकीचंही नाही. फक्त मुळशीसारख्या तालुक्यात त्यातून फारसं काही कळत नाही.

कारण मुळशीचं नशीब ज्या निर्णयांनी पालटलं, त्यांतला एकही मुळशीच्या आमदाराच्या मतानं झालेला नाही.

सुरुवात अर्थात धरणापासून. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरलं आणि पन्नासेक गावांच्या भातजमिनी पाण्याखाली जाणार हे स्पष्ट झालं. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे शेतकरी धरणाच्या जागेवर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि पुढे सेनापती झालेले पांडुरंग महादेव बापट हे या सत्याग्रहाचे पुढारी. लढा तीन वर्षं चालला, बापटांना तुरुंगवास झाला, आणि धरण झालंच. त्याचं पाणी आजही सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहाकडे उतरतं. या सगळ्यात मुंबई प्रांताचं विधिमंडळ कुठं होतं? १९१९ च्या सुधारणांनुसार पहिली निवडणूक १९२० च्या अखेरीस झाली होती, पण असहकाराच्या धोरणामुळे काँग्रेसनं तिच्यावर बहिष्कार घातला होता. शिवाय मताचा हक्क ठरावीक सारा भरणाऱ्यांनाच. ज्याची दोन-चार खाचरं बुडणार होती, त्या मावळ्याला मतही नव्हतं आणि त्याच्या बाजूनं लढणाऱ्यांनी सभागृहात पाऊलही ठेवलेलं नव्हतं. त्या मानानं स्वातंत्र्यानंतरचा मुळशीचा आमदार कितीतरी बळकट. पण किती बळकट, ते हिंजवडीत कळलं.

शरद पवारांनी जाहीर कार्यक्रमांतून अनेकदा सांगितलेली हकिकत अशी. हिंजवडीच्या परिसरात सहकारी साखर कारखाना काढायचं ठरलं होतं. जागा ठरली होती, पुढाकार होता नानासाहेब नवले यांचा. विदुरा विठोबा नवले हे त्यांचं कागदोपत्री नाव. १९९१ मध्ये ते खेड मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले होते आणि तेव्हा मुळशी खेडमध्येच मोडत होती. मुख्यमंत्री असलेल्या पवारांना भूमिपूजनाला बोलावलं. पवार आले आणि त्यांनी तिथंच सांगून टाकलं की इथं साखर कारखाना होणार नाही, इथं संगणकाच्या कंपन्या येतील. नवल्यांनी कारखान्यासाठी दुसरी जागा पाहावी. कारखाना हलला. कासारसाई-दारुंब्र्याला श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि हिंजवडीत औद्योगिक विकास महामंडळानं राजीव गांधी आयटी पार्क वसवलं.

पवार ही गोष्ट दूरदृष्टीचा दाखला म्हणून सांगतात आणि आयटी पार्कचा पसारा पाहता तसं म्हणायला जागाही आहे. पण तालुक्याच्या बाजूनं पाहिलं तर तिचा अर्थ निराळा होतो. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाना म्हणजे नुसतं गाळप नव्हतं. हजारो सभासद, दर पाच वर्षांनी संचालकांची निवडणूक, ऊसतोडीचे ठेके, कारखान्याची शाळा, पतसंस्था, नोकऱ्या. आमदाराला पक्ष तिकीट देतो, पण गावोगावचे पोलिंग एजंट देतो कारखाना. आयटी कंपनी यातलं काहीच देत नाही. तिला सभासद नसतात, तिच्या संचालक मंडळावर गावचा कुणी बसत नाही, आणि तिथं काम करणाऱ्या अभियंत्याचं मत बहुधा त्याच्या मूळ गावी असतं. हिंजवडी जगाच्या नकाशावर गेली खरी, पण गावचं पुढारपण ज्या साच्यात घडत आलं होतं तो साचा त्या दिवशी दारुंब्र्याला गेला. उरली जमीन. पुढची वीस वर्षं मुळशीचं राजकारण गुंठ्यावर मोजलं गेलं. २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटानं त्या काळाची काळी बाजू गावोगाव पोचवली. चित्रपट म्हणून तो काहीसा भडक आहे. जमीन विकून हाती आलेला पैसा संपल्यावर काय उरतं, एवढं मात्र त्यानं नेमकं पकडलं.

लवासाची कथा याच सुमाराची. थंड हवेची ठिकाणं विकसित करण्यासाठी राज्य सरकारनं १९९६ साली नियमावली काढली. २००८ मध्ये मोसे खोऱ्यातल्या या खासगी शहराच्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. म्हणजे इमारतीचा नकाशा मंजूर करायचा तो बांधणाऱ्यानंच. पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली ती २०१० च्या नोव्हेंबरात. या प्रवासातले निर्णायक टप्पे अधिसूचनांचे आहेत. अधिसूचना मंत्रालयातून निघते, राजपत्रात छापली जाते आणि तिच्यावर स्थानिक आमदाराचा हात वर झालेला असावा लागत नाही. सभागृहात नंतर गदारोळ करता येतो, तेवढंच.

मामासाहेबांनंतर त्यांचे चिरंजीव अशोकराव मोहोळ मुळशीचे आमदार झाले आणि पुढे १९९८ आणि १९९९ अशा दोन निवडणुकांत खेडमधून लोकसभेवर गेले. म्हणजे नव्वदच्या दशकात एवढ्याशा डोंगरी तालुक्यानं खेडला नवले आणि मोहोळ असे दोन खासदार दिले. २००४ मध्ये शिवसेनेचे शरद ढमाले विधानसभेवर निवडून आले. मुळशी नावाच्या मतदारसंघाचे ते शेवटचे आमदार.

कारण २००८ मध्ये मतदारसंघांची फेररचना लागू झाली. २००१ च्या जनगणनेचा आधार घेऊन न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं नवे नकाशे काढले. मतदारसंघांची लोकसंख्या शक्यतो सारखी असावी हा नियम, आणि लोकसंख्या वाढलेली शहरात. त्यामुळे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या भागात कोथरूड, खडकवासला, हडपसर, वडगाव शेरी, चिंचवड, भोसरी अशी नवी नावं उगवली. हवेली आणि मुळशी ही जुनी नावं पुसली गेली. मुळशी तालुका भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांबरोबर बांधला गेला आणि मतदारसंघाला नाव मिळालं भोर, क्रमांक २०३. लोकसभेसाठी तो खेडमधून उठून बारामतीत आला.

हा मतदारसंघ नकाशावर पाहावा असा आहे. एका टोकाला हिंजवडीचे काचेचे मनोरे, दुसऱ्या टोकाला महाडकडे उतरणारा वरंधा घाट. मध्ये राजगड आणि तोरणा, चार-पाच मोठी धरणं आणि त्यांच्या पाणलोटात वसलेली गावं. भोरहून मुळशीतल्या पौडला निघालेला आमदार बहुतेक वेळा पुण्याला वळसा घालूनच पोचतो. २०११ च्या जनगणनेत मुळशीची लोकसंख्या सुमारे १ लाख ७१ हजार होती, भोरची १ लाख ८६ हजार आणि वेल्ह्याची ५४ हजारांच्या आसपास. भोर आणि वेल्हे एकत्र आले तर मुळशी मागे पडणार, हे गणित पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. आणि भोरमध्ये थोपटे होते.

अनंतराव थोपटे भोरमधून सहा वेळा निवडून गेलेले, राज्यात मंत्री राहिलेले. १९९९ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा ते काँग्रेसमध्येच राहिले. त्यांचं नाव मुख्यमंत्रिपदासाठी घेतलं जात होतं आणि नेमक्या त्याच निवडणुकीत राष्ट्रवादीच्या काशिनाथ खुटवडांनी त्यांना पाडलं. पवार-थोपटे वैर पुणे जिल्ह्यात म्हणीसारखं बोललं जाऊ लागलं ते तेव्हापासून. त्यांचे चिरंजीव संग्राम थोपटे २००९ मध्ये नव्या भोरचे आमदार झाले, २०१४ मध्ये पुन्हा, २०१९ मध्ये तिसऱ्यांदा. २०१४ च्या मोदी लाटेतही पुणे जिल्ह्यात काँग्रेसची जागा राखणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यामागे राजगड सहकारी साखर कारखाना होता, शिक्षणसंस्थांचं जाळं होतं आणि दशक्रिया विधी असो की लग्न, पोचायचंच हा शिरस्ता होता.

हा शिरस्ता शहरी वाचकाला हास्यास्पद वाटतो. लग्नसराईत आमदार एका दिवसात किती मांडवांत अक्षता टाकतो याचे विनोद पुष्कळ आहेत. पण चारशेहून अधिक गावांच्या मतदारसंघात मतदार आणि आमदार समोरासमोर येतात ते बहुधा अशाच ठिकाणी. तिथंच कुणीतरी खिशातून कागद काढतो: पोराच्या प्रवेशाचा, अडकलेल्या फेरफाराचा, ससूनमधल्या पेशंटचा, शेतातल्या डीपीचा. आमदाराचा स्वीय सहायक कागद घेतो, लेटरहेडवर चार ओळी टंकल्या जातात, खाली सही. कायद्यानं त्या पत्राला काडीची किंमत नाही. तहसीलदार ते वाचतो, एवढीच त्याची ताकद आहे आणि ती थोडी नाही.

निधीचंही तसंच. २०२२ पासून राज्यातल्या प्रत्येक आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. हा पैसा आमदाराच्या खात्यात येत नाही. तो कामं सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतो. ५ कोटी ऐकायला मोठे वाटतात. चारशे गावांत वाटले तर गावाला वर्षाकाठी सव्वा लाख. त्यात सभामंडपाचा पत्रासुद्धा धड होत नाही. त्यामुळे आमदाराची खरी कमाई ठरते ती मंत्रालयातून, जिल्हा नियोजन समितीतून आणि वेगवेगळ्या खात्यांतून किती कामं ओढून आणली यावर. ती ओढायची तर सत्तेत असावं लागतं. सत्तेत असून मंत्री असला तर आणखी बरं.

संग्राम थोपटे यांची कोंडी इथं झाली. २०१९ मध्ये महाविकास आघाडीचं सरकार आलं. मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांहून मोठं नसावं अशी घटनेची अट २००३ पासून आहे. २८८ चे १५ टक्के म्हणजे ४३. तीन पक्षांत ती पदं वाटली गेली आणि ४४ आमदारांच्या काँग्रेसला १२ मिळाली. ३० डिसेंबरच्या विस्तारात तीन वेळच्या थोपट्यांचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या समर्थकांनी पुण्यातल्या काँग्रेस भवनात तोडफोड केली. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेचं अध्यक्षपद सोडलं आणि त्या जागेसाठी थोपटे यांचं नाव चर्चेत आलं. निवडणूक गुप्त मतदानानं की आवाजी, यावरून सरकार आणि राज्यपाल यांच्यात जुंपली, तारीख मिळाली नाही, आणि जवळपास दीड वर्ष सभागृह उपाध्यक्षांनी चालवलं. जुलै २०२२ मध्ये अध्यक्ष निवडला गेला तेव्हा सरकारच बदललेलं होतं. तीन वेळा निवडून आलेल्या माणसाच्या हाती अखेर लेटरहेडच राहिलं.

२०२४ च्या मार्चमध्ये शरद पवार थोपट्यांच्या घरी गेले आणि पाव शतकाच्या अबोल्याची बातमी झाली. लोकसभेला संग्राम थोपटे यांनी सुप्रिया सुळे यांचं काम केलं. भोरमधून त्यांना चाळीस हजारांच्या पुढची आघाडी मिळाली. सहा महिन्यांत मात्र वारं फिरलं. विधानसभेला अजित पवारांच्या राष्ट्रवादीनं उमेदवार दिला तो मुळशीतला: चांदे गावचे शंकर मांडेकर, निवडणुकीच्या तोंडावर ठाकरेंच्या शिवसेनेतून आलेले. निकाल लागला तेव्हा मांडेकर साडेएकोणीस हजारांहून अधिक मतांनी पुढे होते. आपल्या तालुक्याचा आमदार, ही भावना मुळशीत मतांच्या रूपानं दिसली. २०११ नंतर वाढलेली वस्तीही तिथंच होती. फेररचनेनं मुळशीला ज्या गणितात मागे टाकलं होतं, ते गणित पंधरा वर्षांत लोकसंख्येनंच उलटवलं.

एप्रिल २०२५ मध्ये संग्राम थोपटे भाजपमध्ये गेले. निवडणुकीआधी मांडेकरांनी पक्ष बदलला, पराभवानंतर थोपट्यांनी. पक्षांतरबंदी कायदा यात कुठंच आडवा येत नाही, कारण तो लागू होतो निवडून आलेल्या सदस्याला. १९८५ मध्ये तो आला तेव्हा आयाराम-गयाराम संपतील असं म्हटलं गेलं होतं. ते संपले नाहीत. त्यांनी हंगाम बदलला.

मांडेकरांपुढे पहिल्याच वर्षी आली ती हिंजवडी. पावसाळ्यात रस्त्यांची तळी, तासन् तास खोळंबणारी वाहनं, मेट्रोच्या खांबांमुळे आणखी अरुंद झालेले चौक. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या पहाटे पाहणीला आले आणि कंपन्या बंगळूर-हैदराबादला चालल्या आहेत म्हणून गावच्या सरपंचांसमोर चिडले. इथला रस्ता कुणाचा, हा प्रश्न तसा सोपा नाही. आयटी पार्कच्या आत औद्योगिक विकास महामंडळ, बाहेर २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए), महामार्गाला लागून निराळं खातं, वस्तीत ग्रामपंचायत. पीएमआरडीएचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री. आमदार या सगळ्यांच्या बैठकीला बसतो, निर्णयपत्रावर त्याची सही नसते. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे ही मुळशीतली आणि गहुंजे, सांगवडे ही मावळातली गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत, अशी मागणी नोकरदार रहिवासी जोरात करतात. गावकऱ्यांत यावर एकमत नाही.

ही गावं महापालिकेत गेली तरी आमदार बदलणार नाही. बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, तिथल्या सोसायट्या कर महापालिकेला भरतात, आणि विधानसभेला मत देतात भोरमध्ये. हे बदलेल ते पुढच्या फेररचनेत. विधानसभेच्या एकूण जागांचा आकडा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत घटनेनं गोठवलेला आहे आणि त्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख सरकारनं जाहीर केली आहे. हिंजवडी-बावधनच्या दाटीवर मुळशीला आपल्या नावाचा मतदारसंघ परत मिळू शकतो. किंवा ही दाट गावं शहराच्या मतदारसंघांना जोडली जातील आणि ताम्हिणीकडची विरळ वस्ती मावळ नाहीतर भोरच्या पदरात पडेल. आपापल्या सोयीचा नकाशा डोक्यात ठेवून इच्छुक आत्तापासूनच दशक्रियेला आणि लग्नाला कोणत्या गावात जायचं ते ठरवू लागले असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही.